मोठा पडदा आणि डोक्यावरचा अनुस्वार



आपली मुडबी ज्या बसवकल्याण तालुक्यात आहे, त्या कल्याणच्या गादीवरील चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात चित्रकलेचे विवेचन करताना चित्रासाठी भिंत कशी सिद्ध करावी, हेही सांगितले आहे. आज आपल्या घरांतील ‘भिंत’ उत्तम झाली आहे. पंचावन्न इंची पडदे आले आहेत. मात्र केबलवरची वाहिनी लावली की चित्र पुसट दिसते आणि वडीलधाऱ्यांना आपली नजरच अधू झाल्याची शंका येते.

दोष नजरेचा नव्हे. १९७५-७६ साली ‘साइट’ प्रयोगात शेजारच्या गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी, जिल्ह्यातील खेड्यांत उपग्रहामार्फत कार्यक्रम पोहोचले, तेव्हा सारे गाव एका लहान संचापुढे दूर बसे. त्या अंतराने चित्रातील उणिवा झाकल्या जात. पुढे केबल आली. तिच्या अंकीकरणाची अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ होती. अंकीकरणाने पडद्यावरच्या मुंग्या गेल्या, पण साध्या वाहिनीच्या ओळी ५७६च राहिल्या. एका ओळीत ७२० बिंदू धरले, तर चित्रात ४,१४,७२० बिंदू होतात. ‘फोर के’ पडद्यावर ८२,९४,४०० बिंदू असतात, म्हणजे बरोबर वीसपट. प्रत्येक अस्सल बिंदूमागे एकोणीस बिंदू संच अदमासाने भरतो. त्यातच एका तारेतून अनेक वाहिन्या न्यायच्या म्हणून चित्र दाबून पाठवले जाते. बारीक तपशील तिथेच गळतो.

भाषेच्या अभ्यासकाने याची चिंता का करावी? बातम्यांच्या खाली सरकणारी पट्टी पाहा. तेथे अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन ओळी येतात. तो पुसला की ‘वंश’चा ‘वश’ होतो, ‘मंद’चा ‘मद’. कन्नडमधील अनुस्वार अक्षराशेजारी पूर्ण वर्तुळ होऊन बसतो, म्हणून टिकतो. आपला बिचारा डोक्यावरचा ठिपका! या सीमाभागातील कित्येक मुले कन्नड माध्यमात शिकतात. घरात मराठी बोलली जाते, पण मराठी अक्षर त्यांना बहुधा पडद्यावरच भेटते. ते तरी शुद्ध भेटावे.

उपाय साधे आहेत. पडदा घेताना खोलीचे अंतर मोजावे. चौकोनी चित्र ताणून रुंद करू नये, चेहरे फुगतात. संचातील ‘शार्पनेस’ चढवल्याने तपशील वाढत नाही, कडाच खरबरीत होतात. पिवळ्या पिनेच्या वायरीऐवजी, सोय असल्यास, एचडीएमआय वायर जोडावी. आपल्या वाहिनीची एचडी आवृत्ती मिळत असेल, तर केबलवाल्याकडे ती आग्रहाने मागावी. तिचे बिंदू पाचपट असतात.

आणि मुलांच्या हाती छापील मराठी पुस्तक द्यावे. त्यातील अनुस्वार कोणत्याही तारेत अडकत नाही.