नाच्याला हसणारे आपण



२०१० साली रवी जाधव यांचा ‘नटरंग’ पाहताना अजय-अतुलच्या ढोलकीवर थिएटरात शिट्ट्या पडत होत्या. मी गुणाकडे बघत होतो. शेतमजूर, पैलवानी अंगाचा. फडाला नाच्या हवा म्हणून बायकी चाल शिकतो. नाच चालू असेपर्यंत टाळ्या, ढोलकी थांबली की टवाळी. तमाशातल्या नाच्याचं हे जिणं इतिहासाच्या तासाला कधी आलं नव्हतं. (बाई, तक्रार नाही!)

आपल्या गॅदरिंगमध्ये एकजण नऊवारी नेसून नाचला होता. ‘वन्स मोअर’ आपणच दिला. दुसऱ्या दिवसापासून त्याला काय म्हणून हाक मारायचो, आठवतंय ना? मीही मारायचो. आज तो आलेला नाही.