नाव पुसलेल्या स्त्रिया



बेथानीत येशूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीची स्मृती जगभर राहील, असे मार्ककृत शुभवर्तमान सांगते. तिचे नाव मात्र सांगत नाही. दगा देणाऱ्या यहूदाचे सांगते! एलिझाबेथ श्युस्लर फिओरेंझा यांच्या १९८३ च्या ग्रंथाचे शीर्षक या प्रसंगातलेच.

रुमानियात १९३८ साली जन्म, जर्मनीत शिक्षण, अमेरिकेत अध्यापन, १९८८ पासून हार्वर्डला. पदांची यादी एवढी पुरे.

त्यांचा खरा प्रश्न पुराव्याचा होता. स्त्रियांनी सभेत गप्प बसावे, असा हुकूम ज्या अर्थी काढावा लागला, त्या अर्थी स्त्रिया बोलत होत्या. पौलाच्या पत्रात प्रेषितांमध्ये नावाजलेली युनिया पुढे विद्वानांनी पुरुष करून टाकली. ग्रीक संहितेच्या प्रमाण आवृत्तीत ती पुन्हा स्त्री झाली, ती १९९८ साली!

केवळ ‘पुरुषसत्ता’ हा शब्द त्यांना अपुरा वाटला. घरधनी हा पत्नीचा, मुलांचा आणि गुलामांचाही मालक. म्हणून १९९२ साली त्यांनी ‘धनीसत्ता’ अशा अर्थाचा नवा शब्द घडविला. मालकीण आणि तिची दासी यांचे दुःख एकच मानणाऱ्या स्त्रीवादाची त्या शब्दाने पंचाईत होते.