थोडक्या पैशांतील मुंबई



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा कामगार चळवळीतला माणूस म्हणून आम्ही किमान वेतनावर किंवा महागाई भत्त्यावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आम्ही वर्षभर बोलतोच. आज जरा निराळा विषय घेतला आहे. खिशात थोडे पैसे असलेल्या माणसाने मुंबईसारख्या अफाट शहरात एक-दोन दिवस आनंदाने कसे घालवावेत, आणि तेही तिथल्या रहिवाशाच्या रीतीने, हा तो विषय.

मुंबईला जाणे या गावात कुणाला चुकलेले नाही. कुणी मुलाच्या मुलाखतीसाठी जातो, कुणी मंत्रालयातल्या कागदासाठी, कुणी परळच्या इस्पितळात आपल्या माणसाच्या उशाशी बसायला. काम आटोपते आणि परतीच्या गाडीला सहा-सात तास उरतात. ते तास फलाटावर पिशवी मांडीखाली धरून काढणारी माणसे आम्ही कितीतरी पाहिली आहेत. विचारले तर म्हणतात, ‘बाहेर पाऊल टाकले की पाचशेची नोट मोडते हो.’ या समजुतीविरुद्ध आमचे आजचे भाषण आहे.

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही सातवीत होतो. तिथे शाळा संपली. पुढचे शिक्षण वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि लोकलच्या डब्यात झाले. संपाच्या त्या दिवसांत घरात पगार येत नव्हता, पण मुंबई आम्ही सर्वांत जास्त पाहिली ती त्याच काळात. बिनपैशाच्या जागा कोणत्या, हे माहीत असणे त्या वेळी घरोघरची गरज होती.

आता मुद्द्याकडे वळू. पहिली गोष्ट वाहनाची. पाहुणा स्टेशनाबाहेर येऊन टॅक्सी शोधतो. रहिवासी लोकल शोधतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, आणि तेव्हापासून हे शहर रुळांच्या दोन्ही अंगांना वाढत गेले. आजही दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट ५ रुपये आहे, आणि त्यात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून दादर गाठता येते. जगातल्या मोठ्या शहरांत एवढ्या स्वस्तात एवढे अंतर तोडणारी वाहने थोडीच असतील. फक्त वेळ सांभाळायची. सकाळी गर्दीचा लोंढा दक्षिणेकडे वाहतो आणि संध्याकाळी उत्तरेकडे. आपण त्याच्या उलट जावे. सकाळी अकरा ते चार या वेळात तर खिडकीची जागाही मिळते. रविवारी निघण्यापूर्वी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते विचारून घ्यावे. आणि उतरायचे स्टेशन येण्याआधीच दाराकडे सरकावे, पुढच्याला ‘दादर काय?’ एवढे विचारावे. तो मान हलवील. इतक्याने तुम्ही मुंबईकर झालात.

दुसरी गोष्ट पायांची. टर्मिनसची ती इमारत १८८७ सालची. तिच्यासमोर उभे राहायला कुणी तिकीट घेत नाही. मान वर करून दगडातली माकडे, मोर, पानेफुले नीट न्याहाळावीत. ते कोरणाऱ्या हातांत सर ज. जी. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचेही हात होते. तिथून चालत पंधरा मिनिटांवर टाऊन हॉल आहे. १८३३ साली पुरी झालेली ही इमारत, आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, आणि बाहेर रुंद दगडी पायऱ्या. या पायऱ्यांवर कचेरीतला कारकून, परीक्षेचा विद्यार्थी आणि लग्न ठरलेली जोडपी एकाच सावलीत बसलेली असतात. समोर हॉर्निमन सर्कलची बाग. पुढे काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आहे. ती १९५२ साली उघडली, आणि आजही आत जायला पैसे पडत नाहीत. आमचे कितीतरी कामगारबंधू तिच्या दारावरून वीस वर्षे गेले, पण आत गेले नाहीत. त्यांना वाटे, बूट घातलेल्यांचीच ही जागा. आम्ही सांगतो, चपला घालून खुशाल जा. चित्र कळले नाही तरी बिघडत नाही. दोन मिनिटे एका चित्रासमोर उभे राहा. तिथले चित्रकार स्वतःच येऊन बोलतात, असा आमचा अनुभव आहे.

तिथून ओव्हल मैदानावर यावे. एका अंगाला १८७८ सालचा राजाबाई मनोरा आणि उच्च न्यायालय, समोरच्या अंगाला गेल्या शतकातल्या गोल कोपऱ्यांच्या इमारती. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. मधल्या मैदानात एकाच वेळी दहा-वीस क्रिकेटचे सामने चाललेले असतात, आणि कुणाचा क्षेत्ररक्षक कुणाच्या सामन्यात उभा आहे हे फक्त खेळणाऱ्यांनाच ठाऊक. संध्याकाळी चर्चगेटवरून मरीन ड्राइव्हचा कठडा गाठावा. तिथे कोट्यधीशाच्या खिडकीतून दिसणारा सूर्यास्त आणि कठड्यावर बसलेल्या हमालाला दिसणारा सूर्यास्त एकच असतो. फरक झालाच तर हमालाच्या बाजूचा, कारण वारा त्याला लागतो.

ज्यांना पाण्याची आवड आहे त्यांनी भाऊच्या धक्क्यावर जावे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेला हा धक्का. तिथून उरणजवळच्या मोऱ्याला लाँच जाते. सहलीच्या बोटीला जे दाम पडतात त्याच्या अल्पांशात मुंबईचे सारे बंदर डोळ्यांखालून जाते, आणि सोबतीला असतात मासळीच्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या कोळणी. त्यांच्याशी बोलावे, पण बेताने बोलावे.

तिसरी गोष्ट पोटाची. वडापाव १९६० च्या दशकात दादर स्टेशनाबाहेर जन्मला असे सांगतात. आज तो पंधरा-वीस रुपयांना मिळतो. गाडी निवडताना एकच नियम पाळावा: जिथे टॅक्सीवाले आणि पोस्टमन उभे असतील तिथे आपणही उभे राहावे. चहा ‘कटिंग’ मागावा. दुपारच्या जेवणाला उडप्याकडची राइस प्लेट किंवा एखादी खानावळ. खानावळीचे नाव निघाले म्हणून सांगतो. एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना गिरणगावातल्या बायका घरच्या चुलीवर रांधून जेवू घालीत. त्यांच्यावर सावकाराचा फास असे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना बांधली आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. मुंबईत स्वस्तात मिळणाऱ्या जेवणाच्या ताटामागे असा इतिहास आहे. जेवताना तो आठवला तर आमटी अधिक चवदार लागते.

दुसरा दिवस असेल तर तो गिरणगावाला आणि दादरला द्यावा. पहाटे दादरच्या फुलबाजारात जावे; काही विकत न घेताही मन भरते. हिंदू कॉलनीत राजगृह आहे. डॉ. बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधलेले घर; एका माणसाने वाचनावर किती प्रेम करावे ते तिथे कळते. मग चैत्यभूमी, आणि तिच्याजवळच १९२५ साली लोकांसाठी खुले झालेले शिवाजी पार्क. भायखळ्याला राणीची बाग, तिच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. या बागेतली जुनी झाडे आम्हांला प्राण्यांहून मोठी वाटतात. आणि पाय थकले की एखाद्या मुक्तद्वार वाचनालयात वर्तमानपत्र घेऊन बसावे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली सुरू झाले. त्याच्यासारख्या संस्थांनी आमच्यासारख्या सातवी पास माणसाला विद्यापीठाची उणीव भासू दिली नाही.

आता कुणी म्हणेल, ही तर प्रवासाची माहिती झाली. यात कामगार पुढाऱ्याने सांगण्याजोगे काय आहे? ते आता सांगतो.

गरीब माणसाच्या आनंदाला शहरात तीन गोष्टी लागतात. मोकळा वेळ, परवडणारे वाहन आणि सर्वांची म्हणून असलेली जागा. या तिन्हींपैकी एकही आपोआप मिळालेली नाही.

वेळेचे पाहा. आज आपण रविवारी चौपाटीवर जातो; पण गिरणी कामगाराला एके काळी हक्काचा रविवार नव्हता. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा स्थापली. १८९० साली त्यांनी भरवलेल्या मेळाव्याला सुमारे दहा हजार कामगार आले आणि त्यात दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे ४८ तास आणि दिवसाचे ९ तास ही मर्यादा घालून दिली. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास संमती दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे त्यावर उत्तर मिळते. उत्तर खोटे नाही. पण बारा तास काम आणि येण्याजाण्याचे तीन तास धरले, तर त्या दिवशी माणसाला समुद्र कोण दाखवणार?

वाहनाचे पाहा. ‘बेस्ट’ १९४७ साली लोकांच्या, म्हणजे महापालिकेच्या मालकीची झाली. २०१९ साली तिने किमान भाडे ५ रुपयांवर आणले आणि प्रवासी वाढले. २०२५ च्या मे महिन्यात ते १० झाले. पाच रुपयांचा फरक या सभागृहात कुणाला जाणवणार नाही. घरकाम करणाऱ्या बाईला दिवसातून चार बसगाड्या बदलाव्या लागतात, तिला विचारा.

जागेचे तर विचारूच नका. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या नियमाने ठरले की, जमीन विकायची तर तिचे तीन वाटे करावेत: एक मोकळ्या जागांसाठी, एक सामान्यांच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियम बदलला आणि हे वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे करायचे ठरले. जिथे शेड उभ्या होत्या ती जमीन हिशेबाबाहेर गेली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. निकालाचा आम्ही मान राखतो. पण लालबाग-परळच्या मुलांना जी मैदाने मिळायची होती ती मिळाली नाहीत, हेही खरेच आहे. राणीच्या बागेचे तिकीट मोठ्या माणसाला ५ रुपये होते, ते २०१७ साली ५० झाले. आईबाप आणि दोन मुलांना मिळून १०० रुपयांची सवलत ठेवली आहे; पण आत्या आणि काकू बरोबर आल्या की दोनशे मोजा. चाळीतले कुटुंब आत्या-काकूंशिवाय बागेत जात नाही, हे दर ठरवणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

आणि एक गोष्ट आम्ही पुरुषांनी बोलून दाखवलीच पाहिजे. स्वस्तातली मुंबई पुरुषाला जितकी मोकळी आहे तितकी बाईला नाही. स्वच्छ प्रसाधनगृह कुठे आहे हे आधी ठाऊक नसेल, तर ती दिवसभर पाणी पीत नाही. जिला तहान मारून फिरावे लागते तिची सहल आपण सहल म्हणू नये.

मग आम्ही काय करावे, असे तुम्ही विचाराल. मोर्चाला या, असे आज म्हणत नाही. आमचे मागणे साधे आहे. मुंबईला जाल तेव्हा या जागा वापरा. रिकामे राहिलेले वाचनालय ‘तोट्यात’ म्हणून बंद होते, ओस पडलेले मैदान कुणाच्या तरी नकाशात शिरते, प्रवासी नसलेला बसमार्ग रद्द होतो. लोकांची वहिवाट ही त्यांची सर्वांत जुनी राखण आहे. आणि तीच नजर घेऊन आपल्या गावात परत या. तुमच्या नदीचा घाट, नगरवाचनालय, शाळेचे पटांगण आणि एस. टी. स्टँडावरची पाणपोई, यांची स्थिती काय आहे? तिथे तुम्ही शेवटचे कधी गेला होता?

बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. तिथे दानांचे शिलालेख आहेत. त्यांत व्यापारी आहेत, कल्याणचा सोनार आहे, आणि कल्याणचाच एक लोहारही आहे. त्या लोहाराने दिलेले दान म्हणजे एक वाट. येणाऱ्याजाणाऱ्याला चालायला वाट. एवढ्या जुन्या काळी एका कारागिराला वाटले की, आपल्या कमाईतून सर्वांच्या उपयोगाचे काही करावे. त्याच्याहून आपण आज गरीब आहोत असे आम्हांला वाटत नाही.

 मुंबईला आलात तर लालबागला उतरा, कटिंग आमच्याकडून.