रिंगणातले मुके



या व्याख्यानमालेचे बोलावणे आले तेव्हा मी यंत्रमाग कामगारांच्या प्रश्नावर बोलेन, अशीच चालकांची समजूत असणार. तीस वर्षे मी तेच करीत आलो आहे. पण आज मी जनावरांच्या झुंजींविषयी बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात. तेव्हा आपण माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा करू नये. जे पाहिले, जे वाचले आणि ज्याची लाज वाटली, तेवढे सांगतो.

लाजेपासूनच सुरुवात करतो. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. आमच्या दिघाशीच्या बाजूला भातकापणी झाली की शेते मोकळी होतात. अशाच एका मोकळ्या शेतात कोंबड्यांची झुंज लावली होती. आमच्या घरचा तांबडा कोंबडा मी काखेत घेऊन गेलो. त्याला मीच दाणे घालून वाढविले होते. पायांना पाती बांधली, माणसांनी रिंगण धरले, पैसे लागले. दुसऱ्याच झडपेला आमच्या कोंबड्याला मानेखाली लागले. तो मागे फिरला आणि सरळ माझ्याकडे येऊन माझ्या पायांच्या मधे शिरला. मागून कोणीतरी ओरडले, "ढकल त्याला!" मी ढकलला. तो पुन्हा आला. मी पुन्हा ढकलला. तिसऱ्या वेळी तो आला नाही.

पुढे कित्येक वर्षे मी मनाची समजूत घालीत असे, की कोंबड्याला काय कळते! ही समजूत माझी एकट्याची नव्हती. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये देकार्त नावाचा मोठा तत्त्वज्ञ होऊन गेला. जनावर हे एक यंत्र आहे, असे त्याचे म्हणणे. पुढे इंग्लंडात बेंथमने 1789 साली निराळी कसोटी मांडली. जनावराला बुद्धी किती, वाचा आहे की नाही, हे पाहू नका. त्याला यातना होतात की नाही, एवढे पाहा, असा त्याचा आशय होता.

आता यातना होतात हे ओळखायचे कसे? 2000 साली ब्रिटनमधील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लंगड्या झालेल्या कोंबड्यांपुढे दोन प्रकारचे खाद्य ठेवले. एक साधे, दुसऱ्यात वेदनाशामक औषध. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचे खाद्य धडधाकट कोंबड्यांपेक्षा जास्त निवडले. आणि जो अधिक लंगडा, त्याने ते अधिक खाल्ले. कोंबड्याला बोलता आले नाही, पण त्याने उत्तर दिले. 2012 साली केंब्रिज येथे शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा काढला. जाणीव निर्माण करणारी मज्जारचना एकट्या माणसाकडे नाही; ती सस्तन प्राण्यांत आहे, पक्ष्यांतही आहे, असे त्यांनी लिहिले.

माझ्यासारख्याला मात्र हे शास्त्राने नव्हे, तर मागाने शिकविले. आपल्यापैकी जे मागावर उभे राहिले आहेत त्यांना ठाऊक आहे, की माग चालू असताना माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. धोटा उडून एखाद्याला लागला, तर शेजारच्या मागावरच्याला ते त्याच्या चेहऱ्यावरून आणि अंगाच्या हालचालीवरून कळते. शब्द लागत नाहीत. मग माणसाची वेदना ज्या डोळ्यांना शब्दांवाचून कळते, त्याच डोळ्यांना रेड्याची किंवा कोंबड्याची का कळू नये? कळते. आपण मान फिरवितो, एवढेच.

झुंजीच्या बाजूने तीन युक्तिवाद मी ऐकत आलो आहे.

पहिला असा, की झुंजणे हा जनावराचा स्वभावच आहे. यात अर्धे सत्य आहे. बैल, रेडे, एडके, कोंबडे आपसात लढतात. परंतु ते कसे लढतात ते पाहा. कळपात कोणी कोणाला टोचायचे याची ठराविक उतरंड असते, हे नॉर्वेच्या एका अभ्यासकाने कोंबड्यांच्या निरीक्षणातून गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात दाखवून दिले. हरलेला मान खाली घालतो, बाजूला होतो, आणि भांडण तिथेच संपते. निसर्गाने बहुतेक लढायांना पळवाट ठेवली आहे. रिंगण ती पळवाट बंद करते. पाते निसर्गाने बांधलेले नसते, ते माणसाने बांधलेले असते. "यांना सवय असते, यांचा स्वभावच काटक," हे वाक्य मी बारा तासांच्या पाळीविषयीही फार वेळा ऐकले आहे, आणि ते बोलणारा स्वतः कधी मागावर उभा नसे.

दुसरा युक्तिवाद प्रेमाचा. मालक रेड्याला पोटच्या पोराप्रमाणे जपतो, स्वतः अर्धपोटी राहून त्याला खुराक देतो. हे खोटे नाही, मी ते पाहिले आहे. माझेही त्या तांबड्या कोंबड्यावर प्रेमच होते. पण ज्या प्रेमात समोरच्याला "नको" म्हणण्याची मुभा नाही, त्या प्रेमाने त्याचे रक्त थांबत नाही. झुंजीची हौस आपली, पैज आपली, बक्षीस आपले. जखम तेवढी त्याची.

तिसरा युक्तिवाद मला सर्वांत जड वाटतो. तो असा, की गरिबांच्या करमणुकीवरच कायद्याचा डोळा का? ही तक्रार निराधार नाही. इंग्लंडात बैलांवर कुत्री सोडण्याचे खेळ आणि कोंबड्यांच्या झुंजी 1835 साली बंद झाल्या. ते खेळ बहुतांशी सामान्य लोकांचे. श्रीमंतांची कुत्र्यांकरवी होणारी कोल्ह्यांची शिकार बंद करणारा कायदा व्हायला 2004 साल उजाडले. आपल्याकडेही कोल्हापूरच्या साठमारीत माजलेल्या हत्तीशी माणसांना खेळविणारे दरबारच होते. पण या अन्यायाचे उत्तर श्रीमंतांचा खेळही तपासणे हे आहे. त्यांना मुभा मिळाली म्हणून आपणही पाते बांधावे, हे नव्हे.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला आणि 1960 साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. जनावरांना झुंजीस चिथावणे त्याच्या अकराव्या कलमाने गुन्हा ठरले. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड 50 रुपयांपर्यंत! गोव्यातील धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, 1996 साली उच्च न्यायालयाने बंद केल्या. त्यानंतरही त्या चोरून होत राहिल्या.

बैलगाडा शर्यतीची गोष्ट निराळी आहे. तिची झुंजीशी गल्लत करू नये. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने तीवर बंदी घातली. 2017 साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना अंतरिम परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. अटी मोडल्यास 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद आहे. न्यायालयापुढे शर्यत टिकली ती बैलाच्या यातना कमी करण्याच्या अटींवर. म्हणजे शर्यतीचे समर्थन करणाऱ्यालाही बैलाला यातना होतात हे मान्य करावेच लागले.

आता एक जुनी गोष्ट. 1883 साली परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे इस्पितळ स्थापन झाले. दिनशा पेटिट हे गिरणीमालक. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती 10 जून 1890 रोजी. बैलाला इस्पितळ आधी आणि माणसाला रविवार सात वर्षांनी! हे प्रथम वाचले तेव्हा मला संताप आला. बैलावर दया आणि माणसाला पिळून काढायचे, असे वाटले. पुढे विचार केला तेव्हा ध्यानात आले, की चूक इस्पितळात नव्हती, रविवार न देण्यात होती. दया ही काही शिधापत्रिकेवरची साखर नव्हे, की बैलाला दिली म्हणून माणसाची कमी व्हावी.

आपणांपैकी कोणी विचारील, "तुम्ही मासे-मटण खाता ना?" खातो. त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मजपाशी नाही, आणि आहे असे सोंगही मी आणणार नाही. परंतु एका बाबतीत आपण पुरते निर्दोष नाही म्हणून दुसऱ्या बाबतीतही सुधारू नये, हे तर्कशास्त्र मला मान्य नाही. पोटासाठी मारणे योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकेल. टाळ्यांसाठी रक्त काढण्यावर वाद कसला?

मी आपणांकडे मोर्चा मागत नाही, वर्गणी मागत नाही. पुढच्या हंगामात कोठे रिंगण धरले गेले तर त्यात उभे राहू नका आणि आपल्या पोराला तिथे नेऊ नका, एवढेच मागतो. रिंगण दोरीचे नसते, ते माणसांचे असते. एक माणूस बाजूला झाला की तेवढी फट पडते, आणि जखमी जनावराला तेवढी वाट पुरते. त्या दिवशी मला काहीच करावयाचे नव्हते. फक्त ढकलायचे नव्हते. ते मला जमले नाही. आपणांस जमावे.