जुने यंत्र आणि चढा भाव



येवला हे विणकरांचे गाव. येथे हातमाग मोडकळीस आला, तर त्याचे लाकूड दुसऱ्या मागाच्या डागडुजीस लागते, उरलेले चुलीत जाते. त्यापायी कोणाच्या जिवावर बेतत नाही. संगणकाचे, मोबाइलचे तसे नाही. म्हणून आज आम्ही एकच प्रश्न आपणांपुढे ठेवीत आहोत: आपल्या शाळा, पतसंस्था, कचेऱ्या यांतली निकामी यंत्रे जातात कोठे?

रीत आपणांस ठाऊक आहे. जडसंग्रह नोंदवहीतून निर्लेखनाचा ठराव होतो, लिलाव पुकारला जातो, चढा भाव देणारा माल उचलतो. रक्कम जमा होते, हिशेबतपासनीस खूश होतो. पण चढा भाव परवडतो कोणाला? ज्याने धूर शोषण्याची सोय केली, मजुरांस हातमोजे दिले, विषारी गाळाची नीट विल्हेवाट लावली, तो भाव कमीच देणार. जो उघड्यावर वायरी जाळून तांबे काढतो, सर्किटच्या पट्ट्या आम्लात बुडवून सोने काढतो, त्याला हा खर्चच नाही. पीव्हीसीच्या वायरी जळताना डायॉक्सिन हे विष निर्माण होते. जुन्या जाड पडद्यांच्या काचेत शिसे असते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालते. म्हणजे संस्थेच्या खात्यातली ती जादा रक्कम मजुराच्या छातीतून वसूल झालेली असते!

कायदा नाही असे नव्हे. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत हातीच माल सोपवावा, असे बंधन त्यांनी मोठ्या ग्राहकावर घातले. पण मोठा ग्राहक कोण? वर्षात निदान १००० उपकरणे वापरणारा. तालुक्याच्या शाळेत एवढी उपकरणे कोठून असणार? तेव्हा जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे आपल्या विवेकाचा पोहोचला पाहिजे.

भंगारवाल्यास हाकला, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि कचरावेचकांना कामगार म्हणून मान मिळू लागला. गोळा करण्याचे काम त्यांचेच असावे, त्याची मजुरीही त्यांना मिळावी. तोडण्या-जाळण्याचे विष मात्र त्यांच्या वाट्यास येऊ नये.

आपल्यांत अनेक जण संस्थांचे संचालक आहेत. त्यांना आमची एवढीच विनंती: पुढल्या निर्लेखनाच्या ठरावात एक ओळ घाला, ‘माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यासच द्यावा, भाव कमी आला तरी.’ चार पैसे कमी जमा होतील. पण ते कोणाच्या रक्ताचे नसतील.