दोर्दोन्यच्या काठी तंबू

फ्रान्स म्हणजे नुसतं पॅरिस नव्हे. नैऋत्येला दोर्दोन्य नदीकाठी नवराबायकोनं तंबू ठोकून आठवडाभर निवांत राहावं. तिथल्या कित्येक कॅम्पिंगच्या जागा गावची पालिकाच चालवते, म्हणून दर बेताचे. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं की बऱ्याच ठिकाणी सकाळी ताजा पाव हजर. मग छोट्या होडीतून वल्हवत निघायचं. एका तीरावर बेनाकचा किल्ला, पलीकडे कास्तेलनोचा. शतवार्षिक युद्धातले हे हाडवैरी! बुधवारी, शनिवारी सार्ला गावाचा बाजार भरतो. लास्कोची चित्रगुहा १९६३ पासून बंद आहे, पण माँतिन्याक गावातली तिची प्रतिकृती चुकवू नये. जुलै-ऑगस्टमध्ये तोबा गर्दी असते. जमलं तर सप्टेंबर गाठा.