पळसाच्या फुलातला काळा रंग



माघ सरत आला की आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात धुऱ्याधुऱ्यावरचे पळस पेटू लागतात. जाम नदीच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या जत्रेला, झेंड्यासकट रोवलेला पळस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण तो भाद्रपदातला, हिरवागार. फाल्गुनातल्या पळसावर पान नावाला नसतं. राखाडी, वाकड्यातिकड्या फांद्या आणि त्यांना लगडलेलं केशरी फूल. गाड्या थांबतात, मोबाइल वर होतात आणि घरी येऊन पाहावं तर पडद्यावर नुसता भगवा डाग. पाकळी कुठं सुरू होते, कुठं संपते, काही कळत नाही.

असं का होतं? पळसाचा रंग इतका जबर आहे की आपण तेवढाच पाहतो. माझं सांगणं असं, की पळसाचा फोटो काढताना आधी केशरी पाहूच नका. काळं पाहा.

खाली पडलेलं एक ताजं फूल उचलून हातात घ्या. देठाकडं एक छोटी वाटी दिसेल. गडद, जवळजवळ काळी, आणि हात लावला तर मखमली. त्या वाटीतून पाच पाकळ्या निघतात. एक मागं उलटलेली, दोन बाजूंना, आणि उरलेल्या दोन एकमेकींना चिकटून पोपटाच्या चोचीसारख्या वळलेल्या. आता फूल जरा तिरपं करून उन्हात धरा. पाकळीवर बारीक रुपेरी लव चमकेल. ही लव फोटोत क्वचितच येते, कारण डोक्यावरच्या उन्हात ती दिसतच नाही. सकाळी सातच्या सुमाराचं ऊन बाजूनं पाकळीवर घासत येतं, तेव्हा ती उजळते. त्या वेळी वाराही पडलेला असतो, फांदी हलत नाही.

आता कॅमेऱ्याचा स्वभाव समजून घेऊ. समोरचं दृश्य फार उजळ नाही आणि फार काळोखंही नाही, असं गृहीत धरून तो उजेड मोजतो. गडद फांद्या आणि काळ्या वाट्या दिसल्या की त्याला वाटतं, अंधार आहे. मग तो सगळंच उजळवतो. केशरीतला लाल भाग आधीच काठोकाठ भरलेला असतो, तो ओसंडतो आणि पाकळीवरच्या शिरा पुसल्या जातात. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर फुलाला बोट लावा. बहुतेक मोबाइलवर शेजारी सूर्याची छोटी खूण येते. ती खाली ओढा, वाटी खरोखर काळी दिसू लागेपर्यंत. काळं काळं झालं की केशरी आपोआप जागेवर येतं.

पार्श्वभूमीचंही तेच. खालून वर, पांढुरक्या आभाळावर फूल धरलं तर ते मळकट दिसतं. चार पावलं सरका. मागं नांगरलेल्या काळ्या मातीचं वावर येऊ द्या, किंवा सावलीतला सागाचा डोंगर. फूल तेच, पण आता ते उठून येतं. पळसावर मैना, बुलबुल, शिंजीर मध प्यायला येतात, खारीही येतात. त्यांच्या मागं मोबाइल घेऊन धावू नका. एक घोस निवडा, उजेड ठरवा आणि थांबा.

फोटो जमला की नाही, हे ओळखायची एक कसोटी आहे. त्यातला रंग काढून टाका, मोबाइलमध्ये तशी सोय असते. जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे कलाशिक्षक होते. विद्यार्थ्यांना आकार शिकवता यावेत म्हणून ते कळ्या, देठ, कोंब यांचे फोटो कितीतरी पट मोठे करून घेत. 1928 साली त्यांचं पुस्तक निघालं आणि ते नावारूपाला आले. त्या फोटोंत रंग नाही, तरी त्यांतला एखादा कोंब देवळाच्या खांबाइतका भक्कम वाटतो. तुमचा पळस काळ्या-पांढऱ्यात उभा राहिला, तर तो फोटो खरा. दुसऱ्याच्या भिंतीवर टांगलेला फोटो पाहतानाही मनातल्या मनात हे करून बघा.

पळसाच्या जरा आधी किंवा बरोबरीनंच आपल्याकडं संत्र्याचा आंबिया बहार येतो. डिसेंबरात बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा, जानेवारीत पाणी सोडायचं, की झाड फुलतं. संत्र्याचं फूल बोटाच्या पेराएवढं, पांढरं, पाच पाकळ्यांचं. दुपारच्या उन्हात त्याचा फोटो घेतला तर पाकळ्यांच्या कडा जळून जातात. झाडाच्या सावलीच्या बाजूला जा, आतल्या गर्द पानांवर ते फूल धरा आणि उजेड पुन्हा थोडा उतरवा. पाकळीची मेणासारखी झाक तेव्हाच दिसते. बागेत शिरण्याआधी मालकाला विचाराच. आळ्यात पाय देऊ नका. आणि सोयीसाठी फांदी ओढून वाकवू नका. गळलेलं प्रत्येक फूल म्हणजे एक गेलेलं संत्रं असू शकतं.

मग येतो मोह. होळी झाली की सातपुड्याच्या उतारांवर रात्री उशिरापासून सकाळपर्यंत त्याची फुलं गळत राहतात. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा झाडून काढतात. काही ठिकाणी तो जाळतात. त्यानं कधी कधी जंगलाला आग लागते, म्हणून झाडणंच बरं. त्या गडद जमिनीवर पिवळसर, गरदार फुलं विखुरलेली असतात. मोबाइल अगदी जमिनीला टेकवा, उगवता सूर्य समोर ठेवा. ऊन फुलातून आरपार येतं आणि ते आतून उजळल्यासारखं दिसतं. हा उजेड फार वेळ टिकत नाही, म्हणून जागा आदल्या दिवशीच पाहून ठेवावी.

तिथं पहाटेपासून टोपल्या घेऊन बाया-पोरं वेचत असतात. ती फुलं त्यांची कमाई आहे, त्यांवर पाय पडू देऊ नका. वेचणाऱ्या बाईचा फोटो हवा असेल तर आधी विचारा, नाही म्हणाली तर मोबाइल खिशात ठेवा. दोन शब्द बोलून पाहा. कोणता मोह आधी गळतो, कोणत्याचं फूल टपोरं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. उद्या कुठल्या झाडाखाली बसायचं, ते तिलाच विचारा.